सव्वाचारच्या एसटीआधी संपणारी मीटिंग

पत्र : ताई, नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्राचार्यांनी अमेरिकेतल्या ऑनर सोसायट्यांबद्दल कुठंतरी वाचलं आणि यंदा आमच्या कॉलेजात ‘गुणवंत विद्यार्थी मंडळ’ सुरू केलं. ७५ टक्क्यांच्या वरचे सगळे त्यात, एकूण ३४ जण. त्यातले सात पदाधिकारी आणि मी अध्यक्ष. दर पंधरा दिवसांनी पदाधिकाऱ्यांची मीटिंग घ्या, असं सरांनी सांगितलं. जुलैपासून चार झाल्या. पहिलीला सातही आले, चौथीला तिघं. दीड-दोन तास जातात आणि ठरत काहीच नाही. जिल्हा परिषद शाळेत शनिवारी गणित शिकवायचं असं पहिल्याच मीटिंगमध्ये ठरलं होतं, ते अजून सुरू व्हायचंच आहे. सर बसले की कुणी बोलत नाही, सर नसले की उपाध्यक्षच बोलतो. आम्ही चार मुली गावावरून एसटीनं येतो, परतीची गाडी सव्वाचारची, आमचं अर्धं लक्ष घड्याळाकडे. माझी आई बचत गटाची सचिव आहे. ती म्हणते, ‘तुमच्यापरीस आमची मीटिंग बरी होऊन राहिली.’ मला खूप लागलं ते. मी राजीनामा देऊ का? आणि एक विचारू का, मीटिंगला चहा-नाश्ता ठेवला तर पोरं येतील का?
— तुमची एक वाचक

उत्तर :

अगं, राजीनाम्याचं नंतर पाहू. आधी तुझ्या आईचं ते वाक्य पुन्हा वाच. तुला ते टोमण्यासारखं लागलं, मला तर त्यातच निम्मं उत्तर दिसतंय.

आईच्या गटाची पंचसूत्री तिला तोंडपाठ असेल. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड आणि नियमित हिशेब लेखन. क्रम पाहिलास? गट पैशासाठी निघतो, तरी पहिलं सूत्र पैशाचं नाही, बैठकीचं आहे. दहा ते वीस बाया, कुणी निंदणाहून आलेली, कुणाच्या चुलीवर भाजी ठेवलेली. ठरल्या वारी ठरल्या वेळी सतरंजी टाकतात, वही उघडतात, कुणाचे किती जमा आणि कुणाचा हप्ता थकला ते सगळ्यांसमोर वाचतात आणि उठतात. चुलीवरच्या भाजीमुळे मीटिंग आपोआप आटोपशीर होते. पुढच्या वेळी आईच्या मागे गुपचूप जाऊन बस. कुणी कितीदा काय बोललं ते सोड, वही कधी उघडते आणि कधी मिटते एवढंच बघ.

आता तुमचं. तुमची भाजी म्हणजे सव्वाचारची एसटी. तू पत्रात तिचा उल्लेख अडचण म्हणून केलास. माझ्या मते तुमच्या मंडळाकडे असलेली सगळ्यात कामाची गोष्ट तीच आहे. शेवटचा तास तीनला सुटत असेल तर तीन दहाला सुरुवात आणि तीन पन्नासला वही बंद. चाळीस मिनिटं. विषय राहिला तर पुढच्या वेळी. ‘अजून पाचच मिनिटं’ कुणीही म्हटलं, अगदी सरांनी म्हटलं, तरी चौघी दप्तर उचला. दोनदा उचललंत की तिसऱ्या वेळी सगळे आपोआप मुद्द्यावर येतील. तुझ्या पत्रातून माझा अंदाज असा, की तुमचे उपाध्यक्ष तालुक्याच्याच गावात राहतात आणि त्यांच्याकडे मोटारसायकल आहे. बरोबर? ज्याला घरी जायची घाई नसते त्याचीच मीटिंग लांबते, आणि लांबलेल्या मीटिंगमधले निर्णय शेवटपर्यंत बसलेल्यांचे होतात. तुमच्या निम्म्याहून जास्त पदाधिकारी मुली आहेत आणि त्या सगळ्या चार वाजता निघतात. म्हणजे चारनंतर जे ठरतं ते कुणाचं मंडळ ठरवतं?

वार एकदाच ठरवा आणि वर्षभर तोच ठेवा. पहिला आणि तिसरा बुधवार म्हणा. आठवडी बाजाराचा दिवस मात्र टाळा. त्या दिवशी एसटीत पाय ठेवायला जागा नसते आणि घरून भाजीची यादीही हातात दिलेली असते. ‘सगळ्यांना विचारून सोयीचा दिवस ठरवू’ हा मोह सोड. सात जणांना सोयीचा दिवस पंचांगात नाही. ठरलेला दिवस मात्र घरचेही लक्षात ठेवतात. ‘आज बुधवार, पोरगी एक बस उशिरा येईल’ हे वडिलांना पाठ झालं की तुझी निम्मी विचारपूस वाचते.

आता उपस्थितीचं. सातावरून तीनवर आलात म्हणून तू खचलीस, पण जरा दिवस बघ. पोळा झाला, आता सोयाबीन सोंगणीला येईल, मग दसऱ्या-दिवाळीपासून कापसाची वेचणी, आणि त्यातच विद्यापीठाची हिवाळी परीक्षा. ज्याच्या घरी चार एकर कापूस आहे आणि मजूर मिळत नाही, त्याला ‘तू गंभीर नाहीस’ म्हणायचा अधिकार आपल्या भागात कुणालाच नाही. त्या काळात मीटिंग महिन्यातून एकदा आणि वीसच मिनिटांची कर. रद्द मात्र करू नकोस. एकदा रद्द झालेली मीटिंग परत लावणं फार जड जातं, हे मी भोगलेलं आहे. काही बचत गट गैरहजर राहणाऱ्याकडून दंड घेतात. तुम्ही घेऊ नका. वेचणीला गेलेल्या पोराचे दहा रुपये घेऊन मंडळ मोठं होत नाही. त्यानं आदल्या दिवशी आपल्या कामाचं काय झालं ते एका ओळीत कळवलं, तर वहीत त्याला हजर धरा. माझं हे मत काहींना ढिलं वाटेल. वाटू दे.

गणपूर्ती मात्र ठरवून टाका. सातात चार. ग्रामसभेला गावच्या मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, यांपैकी जे कमी असेल तेवढी हजेरी लागते. ती न भरल्यास सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला पुन्हा गणपूर्ती लागत नाही. त्या पळवाटेतून कोणकोणत्या गावात काय काय मंजूर होतं ते मी तुला सांगायला नको, तू गावातच राहतेस. म्हणून तुमच्याकडे तहकुबी वगैरे काही नको. चार नसतील तर जे आलेत त्यांनी झालेल्या कामांच्या पुढे खूण करायची आणि बसस्टँडवर जायचं. नवा निर्णय नाही.

वहीबद्दल मात्र मी जरा जास्त बोलणार आहे, कारण तुमचा खरा आजार तिथे आहे.

मी एका खेड्यातल्या वाचनालयाची अकरा वर्षं सचिव होते. सुरुवातीला आम्ही मनात येईल तेव्हा जमायचो आणि तोंडी ठरवायचो. वाचनालयात पंखा घ्यायचा ठराव आमच्याकडे तीनदा झाला. तिन्ही वेळा एकमतानं, तिन्ही वेळा टाळ्या. पंखा काही आला नाही, कारण दुकानात कोण जाणार हे एकदाही ठरलं नव्हतं. आणि विदर्भातला मे महिना, वाचायला येणारा माणूस पुस्तकानंच वारा घ्यायचा.

तुमचं शनिवारचं गणित म्हणजे आमचा पंखा. मला पैज लावायला सांग, शाळेच्या मुख्याध्यापकांना परवानगीचं पत्र अजून कुणी लिहिलेलंच नाही. तुला वाटलं सचिव लिहील. सचिवाला वाटलं सर लिहितील. सरांना वाटलं, पोरांनी लिहून आणलं की आपण सही करू. सगळ्यांची इच्छा चांगली आणि पत्र कोरंच.

म्हणून साधी शंभर पानी वही घ्या आणि प्रत्येक पानावर चार रकाने आखा. काय ठरलं, कोण करणार, कोणत्या तारखेपर्यंत, झालं का. ‘कोण’ या रकान्यात एकच नाव. ‘आपण सगळे’ लिहायचं नाही, ‘मंडळ’ लिहायचं नाही. दोन नावंसुद्धा नको, दोघं एकमेकांची वाट पाहतात. आणि ते नाव त्या माणसानं स्वतःच्या अक्षरात लिहायचं. आपल्या हातानं लिहिलेलं नाव पंधरा दिवस मनात टोचत राहतं. हे मी कुठे वाचलेलं नाही, पंख्यानं शिकवलं.

आपल्याकडच्या कुठल्याही सभेचा पहिला विषय ठरलेला असतो, ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.’ बहुतेक ठिकाणी सचिव ते भरभर वाचतो आणि बाकीचे चप्पल कुठे काढली ते आठवत असतात. खरं म्हणजे सगळ्या मीटिंगमध्ये मोलाची हीच पाच मिनिटं. मागचे चारही रकाने मोठ्यानं वाच. झालं असेल तिथे खूण. नसेल झालं तर ‘काऊन नाही झालं’ असं विचारू नकोस, ‘काय अडलं’ असं विचार. पहिल्या प्रश्नाला पोरं कारणं देतात, दुसऱ्याला माहिती देतात.

आणि शेवटचा विषय, ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय.’ तुमचा दीड तास इथेच बुडत असणार. स्नेहसंमेलनात मंडळाचा स्टॉल, टी-शर्टचा रंग, अमक्याचा सत्कार. परवानगी अध्यक्षांची लागते असं त्या ओळीतच लिहिलंय ना? मग ती दरवेळी द्यायची कशाला. ‘वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेव, पुढच्या बुधवारी घेऊ’ एवढंच म्हणायचं. त्यातले निम्मे विषय पंधरा दिवसांत आपोआप वाळून जातात.

तिच्यायला, त्या व्हॉट्सॲपचं राहिलंच. तू लिहिलं नाहीस, पण ग्रुप असणारच. तिथे तारीख, वेळ आणि विषय टाका. चर्चा टाकू नका. ग्रुपवर कुणी काही विचारलं की सहा अंगठे येतात आणि आपण समजतो सगळ्यांना मान्य आहे. आपल्या आज्या-पणज्यांनी सावकाराच्या कागदावर असेच न वाचता अंगठे दिले होते. त्याचं काय झालं ते घरी विचार.

आता सरांचं. सर वाईट नाहीत, ते खुर्चीवर बसले की तुम्ही विद्यार्थी होता, एवढीच अडचण आहे. त्यांना येऊ नका म्हणायचं नाही. ‘सर, आम्ही आधी आपसात बोलून घेतो, तुमचा वेळ कशाला घालवायचा. शेवटची दहा मिनिटं तुम्ही या, काय ठरलं ते वाचून दाखवतो, काही चुकत असलं तर सांगा,’ असं म्हण. बहुतेक सरांना हे आवडतं. त्यांनाही पेपर तपासायचे असतात. शिवाय नॅकचं, म्हणजे कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेचं, मूल्यांकन जवळ आलं की प्रत्येक कॉलेजला मंडळांच्या सभांची नोंद हवी असते, आणि किती ठिकाणी ती रातोरात एकाच पेनानं तयार होते हे सरांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. तारीखवार, वेगवेगळ्या अक्षरांतली, डाग पडलेली तुमची खरी वही पाहून ते स्वतःच तिची राखण करतील.

उपाध्यक्षांशी भांडू नकोस. बोलका माणूस मंडळाला लागतो, शाळेत मुख्याध्यापकांसमोर उभं राहायला तोच उपयोगी पडेल. फक्त बोलण्याचा क्रम बदल. प्रत्येक विषयावर एक चक्री घ्यायची, सुरुवात सगळ्यात कमी बोलणाऱ्यापासून. उपाध्यक्ष दुसरा-तिसरा नाही, सहावा येईल असं बसवायचं आणि तू सातवी. अध्यक्षानं आधी मत दिलं की बाकीच्यांची मतं त्याच्या बाजूला किंवा विरुद्ध होतात, स्वतःची उरत नाहीत. पहिल्या दोन चक्र्यांत ‘माझं काही नाही’ असंच ऐकू येईल. थांब. चौथीत एखादी बोलेल, आणि ती काय बोलते ते पाहून तू चाट पडशील.

मतदान घेऊ नका. गडचिरोलीतलं धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा तुम्हाला ठाऊक असेल, ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणणारं गाव. तिथली ग्रामसभा बहुमतानं नाही, सर्वसहमतीनं निर्णय घेत आली. एकाचं जरी मन वळायचं राहिलं असेल तर पुन्हा बसतात. याच गावाला २००९ साली आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला. तेव्हा ही रीत वेळखाऊ आहे, कामाची नाही, असं कुणी म्हणू नये. सातांत चार विरुद्ध तीन झालं की हरलेले तिघं काम करत नाहीत, आणि तुमच्याकडे काम करणारे आहेतच किती? अर्थात सहमती शनिवारच्या गणिताबद्दल. बॅनर निळा की पिवळा हे ज्याच्याकडे बॅनर आहे त्यानं ठरवावं, त्यावर गाव गोळा करू नये.

एक गोष्ट मला पत्र वाचताना सारखी जाणवत होती. तुम्ही सातही जण आजवर एकट्यानं पहिले आलेले आहात. वर्गात हात वर करायचा, उत्तर द्यायचं, बसायचं. शेजारच्यानं उत्तर दिलं तर आपले मार्क जातात, अशीच तुमची बारा-चौदा वर्षं गेली. अशा सातांना एका सतरंजीवर बसवलं की प्रत्येकाला आपलंच उत्तर बरोबर वाटणार, आणि पत्र लिहून मुख्याध्यापकांकडे नेण्याच्या कामाला मार्क नसल्यानं ते कुणालाच सुचणार नाही. तुझ्या आईच्या गटातल्या बायांना ही सवय कधी लागलीच नव्हती, म्हणून त्यांची मीटिंग बरी.

तुमच्या प्राचार्यांनी ज्यावरून हे घेतलं तिथेही नुसते मार्क नव्हते. अमेरिकेतल्या शाळांची ‘नॅशनल ऑनर सोसायटी’ १९२१ साली तिथल्या मुख्याध्यापकांच्या राष्ट्रीय संघटनेनं काढली. तिचे निकष चार, अभ्यास, सेवा, नेतृत्व आणि चारित्र्य. तुमच्याकडे येईपर्यंत वाटेत तीन गळाले. प्राचार्यांना हे नम्रपणे दाखव. पुढच्या वर्षी निवड करताना ७५ टक्क्यांसोबत ‘गेल्या वर्षी काय काम केलं’ हाही एक प्रश्न ठेवता येईल.

त्याहून जुनी ऑनर सोसायटी म्हणजे ‘फाय बीटा कॅपा’. ५ डिसेंबर १७७६ रोजी व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजच्या पाच विद्यार्थ्यांनी ती सुरू केली. प्राचार्यांनी काढलेली नव्हे, पोरांनी काढलेली. तिकडे स्वातंत्र्ययुद्ध चालू होतं आणि ही पोरं जमून वादविवाद करायची. १७८१ च्या जानेवारीत इंग्रजांची फौज जवळ आली तेव्हा तिथली बैठक थांबली. हे आपल्याला तारखेनिशी कशामुळे ठाऊक आहे? त्यांच्यातल्या कुणीतरी प्रत्येक मीटिंगची नोंद लिहून ठेवली होती म्हणून. पाचच पोरं होती, पण वही होती.

राजीनाम्याचं म्हणशील तर आत्ता देऊ नकोस. या बुधवारी तीन दहाला तीनच विषय घे. मागच्या चार मीटिंगमध्ये काय काय ठरलं होतं ते आठवून वहीत उतरवणं, मुख्याध्यापकांचं पत्र तिथल्या तिथे, त्याच वर्गात, पाच ओळींत लिहून सरांची सही घेणं, आणि पहिल्या शनिवारी कोण दोघं शाळेत जाणार ते ठरवणं. हो, इथे दोघं चालतील, शिकवायला जोडी बरी. पण ‘कोण’ या रकान्यात नाव एकाचंच. शनिवारी शाळा सकाळची असते, तेव्हा ज्यांच्या गावाहून सकाळची गाडी आहे त्यांचाच विचार कर. अशा चार मीटिंग झाल्यावरही वाटलं तर राजीनामा दे, मी अडवणार नाही. तोवर त्या वहीत काय उरलंय ते पुढच्या अध्यक्षाला तरी वाचता येईल.

चहा-नाश्त्याचं राहिलं. आलूबोंड्यासाठी आलेला पोरगा आलूबोंडा संपला की जातो, आणि सात प्लेटांचे पैसे शेवटी अध्यक्षाच्याच पर्समधून जातात, हे मला अनुभवानं माहीत आहे. फारच वाटलं तर फुटाणे आण. आणायची पाळी मात्र वहीत लिहा, नाव एकच.